नाल्याच्या अलीकडे

विक्रोळीत राहणं हा काही गुन्हा नाही, असं शिवदास खंदारे स्वतःला वरचेवर बजावत असत. एखादी गोष्ट अशी वरचेवर बजावावी लागते, याचा अर्थ कुठेतरी दुखतंय हे उघड आहे. खंदाऱ्यांचं दुखणं एका शब्दाचं होतं आणि तो शब्द होता 'अच्छा'.

कोणी विचारावं, "कुठे राहता?" खंदाऱ्यांनी सांगावं, "विक्रोळी." आणि समोरच्याने "अच्छा" म्हणून पाण्याचा ग्लास शोधायला लागावं. घाटकोपर सांगणाऱ्याला लोक पुढे विचारतात, पूर्व की पश्चिम? मुलुंडवाल्याला विचारतात, टू बीएचके का? पवईवाल्याला काही विचारत नाहीत, नुसते बघत राहतात. विक्रोळीवाल्याच्या वाट्याला मात्र 'अच्छा', आणि फारच गप्पिष्ट माणूस भेटला तर, "खाडीमुळे मच्छर फार असतील ना?" मच्छर घाटकोपरलाही असतात, पण त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

त्यात मुलुंडच्या साडूंनी नवीन घर घेतलं आणि गृहप्रवेशाला खंदाऱ्यांना बोलावलं. तिथे साडूंनी त्यांची एका बिल्डरशी ओळख करून दिली. म्हणाले, "हे आमचे साडू. विक्रोळीला असतात, पण माणूस चांगला आहे." साडूंच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच जास्त वाईट होतं. तो 'पण' खंदाऱ्यांच्या घशात जेवणभर अडकून राहिला आणि बासुंदीनेही खाली उतरला नाही.

आता एवढ्यावरही काही बिघडलं नसतं. पण खंदारे विमा कंपनीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि 'तक्षशिला' सोसायटीचे सचिव होते. रिकामा वेळ आणि लेटरहेड या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हाती पडल्या, की आजूबाजूच्यांनी जरा जपून राहावं.

तक्षशिलाच्या कुंपणाला लागून एक नाला होता. नाल्याच्या अलीकडे विक्रोळी, पलीकडे घाटकोपर. ही वाटणी कोणी केली, कधी केली, कोण जाणे, पण शेंबड्या पोरालाही ती ठाऊक होती. गेल्या वर्षी त्या नाल्यावर स्लॅब पडला. वर फरशी आली, बाकडी आली, कुंड्या आल्या, संध्याकाळी तिथे योगासनं होऊ लागली. एके सकाळी खंदारे फिरत फिरत स्लॅब ओलांडून गेले, पलीकडच्या टपरीवर चहा प्यायले आणि परत आले. गेटपाशी पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण घाटकोपरला जाऊन आलो आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. मग विक्रोळी नेमकी संपली कुठे? नालाच दिसत नाही, तर हद्द कशाची?

हा शोध त्यांनी घरी येऊन दर्शनाबाईंना सांगितला. मेथी निवडता निवडता बाईंनी विचारलं, की मग तिकडचे लोक फिरायला इकडे येतात, तेव्हा त्यांनाही आपण विक्रोळीचे झालो असं वाटत असेल का? खंदाऱ्यांनी हा प्रश्न अप्रस्तुत ठरवला आणि ते पाचव्या मजल्यावर हर्षदभाईंकडे गेले.

हर्षदभाई गाला यांना हा विचार ऐकताच घाम फुटला, इतका तो त्यांना आवडला. त्यांचे निम्मे नातेवाईक घाटकोपरला होते आणि धाकट्या मुलाचं, किरणचं, लग्न जमवायचं चाललं होतं. स्थळं येत, मुलगा बघत, पगार ऐकून खूश होत, आणि विक्रोळी म्हटलं की "कळवतो" म्हणून जात. "खंदारेसाहेब, तुम्ही हे काम केलंत ना," हर्षदभाई म्हणाले, "तर किरणच्या लग्नात पहिला मान तुमचा."

तिसऱ्या मजल्यावर देवव्रत केळकर राहत. ते सोसायटीचे सल्लागार होते. नेमलं कोणीच नव्हतं, पण तेवढ्यासाठी केळकर थांबणारे नव्हते. ते गेली कित्येक वर्षं ठाण्याला राहायला जाणार होते, त्यामुळे इथल्या प्रश्नांकडे तटस्थपणे बघू शकत. त्यांचा सल्ला असा, की कुठल्याही ऑफिसात विचारायला म्हणून जाऊ नका. विचारलं की नाही म्हणतात. सरळ पाटी लावा. पाटी लागली की लोक वाचतात, वाचलं की बोलतात, आणि लोक बोलायला लागले की तोच पत्ता होतो. मुंबईतले निम्मे पत्ते असेच झालेत म्हणे. एवढं बोलून त्यांनी आपल्या परीने हातभारही लावला. मोबाइलच्या नकाशावर तक्षशिलाची जी खूण होती, ती काही खटपट करून नाल्याच्या पलीकडे ढकलून ठेवली.

पाटी कशाची करावी यावर बराच खल झाला. फ्लेक्स नको, फ्लेक्स वाढदिवसाला लावतात. पत्रा गंजतो. शेवटी काळा ग्रॅनाइट ठरला, त्यावर सोनेरी अक्षरं: 'तक्षशिला सहकारी गृहनिर्माण संस्था, घाटकोपर (पूर्व)'. गेटच्या खांबात केमिकल भरून ती बसवली. बसवणाऱ्याने छातीला हात लावून सांगितलं, की ही पाटी आता तुमच्या नातवंडांनी काढायची म्हटली तरी निघणार नाही. त्यावेळी खंदाऱ्यांना त्याच्या कामाचं फार कौतुक वाटलं.

या सगळ्यात एका माणसाला कोणी काही विचारलं नव्हतं. ती म्हणजे खंदाऱ्यांची आई. कमलबाई लग्न होऊन वाशीमकडून आल्या, त्या थेट या नाल्याकाठी. तेव्हा इथे पत्र्याची झोपडी होती, मग चाळ झाली, मग टॉवर झाला, कमलबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. आता गुडघे साफ गेले होते. लिफ्टने खाली यायचं, गेटपाशी खुर्चीवर टेकायचं, पुन्हा वर जायचं, एवढीच त्यांची दुनिया उरली होती. विहारात जाणंही बंद झालं होतं. पण चौदा एप्रिलला त्यांना कुठे जावं लागत नसे. जयंतीची मिरवणूक विहारापासून निघायची, हमरस्त्याने येऊन गल्लीत वळायची आणि बाबासाहेबांच्या तसबिरीची सजवलेली गाडी तक्षशिलाच्या गेटसमोर थांबायची. पांढरं लुगडं नेसून कमलबाई ताट घेऊन बसलेल्या असायच्या. त्या हार घालायच्या, मेणबत्ती लावायच्या, आणि मग मिरवणुकीतल्या शेवटच्या माणसापर्यंत लिंबाचं सरबत जायचं. झोपडी होती तेव्हापासूनचा हा रिवाज होता. डॉक्टर गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख विचारत, तेव्हा कमलबाई एकच उत्तर देत, की जयंती होऊ द्या, मग बघू.

पाटी लागल्यावर कमलबाई खाली आल्या. प्रौढ वर्गात शिकलेलं वाचन त्यांनी बोट लावून पाटीवर चालवलं.

"कोन गेलं घाटकोपरले?" त्यांनी विचारलं.

"आपण गेलो, आई," खंदारे म्हणाले.

"मले तं कोनी सांगितलं नाही. सामान कवा हलवलं?"

खंदाऱ्यांनी त्यांना पत्ता, प्रतिष्ठा आणि फ्लॅटचा भाव यांचा परस्परसंबंध समजावून सांगितला. कमलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मच्छी आली का म्हणून विचारलं.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. खंदारे उगाचच गेटपाशी रेंगाळत. फोनवर अनोळखी माणसाने क्रेडिट कार्ड घ्या म्हटलं, तरी त्याला आधी पत्ता सांगत. लग्नाकार्यात कोणी विचारलं, की "घाटकोपर ईस्ट" म्हणत आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत. 'अच्छा' येत नसे. "अरे वा, स्टेशनजवळ?" असं येई. खंदारे म्हणत, "तसं म्हटलं तर." तसं कोणी कधीच म्हटलं नव्हतं.

पहिला घोळ पार्सलांचा झाला. केळकरांनी ढकललेली खूण जेमतेम स्लॅबपर्यंतच पोचली होती, आणि पार्सलवाली पोरं त्या खुणेवर जाऊन उभी राहत. कमलबाईंच्या गुडघ्याचा पट्टा मागवला, तर तो स्लॅबवरच्या एका बाकड्यावर ठेवून त्याचा फोटो पाठवण्यात आला: आपले पार्सल पोहोचले आहे. खंदारे धावत गेले, तेव्हा योगासनवाले एक गृहस्थ तो पट्टा लावून बसले होते आणि बरं वाटतंय म्हणत होते.

मग कचऱ्याची गाडी बंद झाली. गाडीवर नवीन माणूस आला होता. त्याने पाटी वाचली आणि हा भाग आपल्याकडे नाही, असं समजून गाडी वळवून नेली. खंदारे पलीकडच्या गाडीवाल्याला गाठायला गेले. तो म्हणाला, नाल्याच्या अलीकडचा कचरा आम्ही उचलत नाही.

"नाला आहेच कुठे?" खंदाऱ्यांनी विचारलं.

"खाली आहे," तो म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

ओला कचरा आणि सुका कचरा गेटपाशी शेजारी शेजारी साठत गेले आणि हळूहळू दोघांमधला भेद मिटला. हर्षदभाई नाकाला रुमाल लावून खाली येत आणि जाताना खंदाऱ्यांकडे न बघता जात.

तिसरा फटका मथुरेचा. मथुरा कोळीण तीसेक वर्षं तक्षशिलात मच्छी घेऊन येत होती. तिच्या आणि तिची जाऊ निशा हिच्या वस्त्या सासऱ्याने वाटून दिल्या होत्या. नाल्याअलीकडची गिऱ्हाइकं मथुरेची, पलीकडची निशाची. निशाने येता-जाता पाटी वाचली आणि घरी जाऊन भांडण काढलं. दुसऱ्या दिवशी मथुरा पाटी घेऊन गेटबाहेरच उभी राहिली. तिची पाटी म्हणजे डोक्यावरची, मच्छीची.

"शेट, तुमी घाटकोपरला गेलाव," ती म्हणाली. "तो निशाचा भाग. मी जावेच्या पोटावर पाय नाय देनार."

"अगं मथुरा, मी इथेच उभा आहे ना."

"ते मला दिसतंय. पन दगडावर काय लिवलंय?"

मग निशाला निरोप धाडला. तिचं म्हणणं असं, की बिल्डिंग मथुरेची आहे, तेव्हा मी तिथे येणार नाही. पण पाटी माझ्या हद्दीची आहे, तेव्हा तिनेही येऊ नये. या न्यायापुढे खंदारे हतबल झाले. घरी सलग मेथी, वांगी आणि पुन्हा मेथी होऊ लागली. बोंबलावाचून खंदारे दिसामाशी वाळत चालले. केळकर मच्छी खात नसत, निदान तिसऱ्या मजल्यावर तरी नसत, पण चौथ्या मजल्यावर खंदाऱ्यांकडे जाणं त्यांनी का कमी केलं हे सगळ्यांना कळलं.

एवढं होऊनही खंदारे बधले नाहीत. मोठ्या बदलाच्या वेळी थोडी गैरसोय होतेच, असं त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. त्याला केळकरांनी अंगठा दिला. बाकी कोणी काही दिलं नाही.

आणि मग निलेश आला. निलेश जयंती मंडळाचा अध्यक्ष. लहानपणी याच गेटवर तीन-तीन वेळा रांगेत लागून सरबत प्यायलेला. तो आत आला, कमलबाईंना जय भीम केला, आणि खंदाऱ्यांना म्हणाला, काका, जरा खाली येता का.

"यंदा गाडी तुमच्या गेटपर्यंत येणार नाही," खाली आल्यावर त्याने सांगितलं.

घडलं ते असं. मिरवणुकीच्या परवानगीसाठी मंडळाने नेहमीप्रमाणे मार्ग लिहून दिला होता. पोलीस ठाण्यातले साहेब मार्ग बघायला आले, गेटसमोर उभे राहिले आणि पाटी वाचून म्हणाले, की हे तर आमच्या हद्दीतच नाही, तिकडच्या ठाण्याची परवानगी आणा. तिकडच्या ठाण्यात गेल्यावर ते म्हणाले, आमची हद्द नाल्यापासून सुरू होते, त्याअलीकडे परवानगी आम्ही कशी देणार? या ये-जा करण्यात बंदोबस्ताचा आदेश निघून गेला. त्यात मिरवणूक गल्लीच्या तोंडावरूनच वळणार होती.

"अरे, पण ती पाटी आपण हौसेनं लावलीय," खंदारे म्हणाले. "खरा पत्ता विक्रोळीच आहे."

"मी बोललो साहेबांना. ते म्हणाले, ग्रॅनाइटवर खोटं कोण लिहिणार?" निलेशने पाटीकडे बघितलं. "आणि काका, राग मानू नका, पण आपली पोरं पण बोलतात. मिरवणूक विक्रोळीची. ज्यांना विक्रोळी नको झाली, त्यांच्या दारात कशाला जायचं?"

खंदाऱ्यांना निलेशचा राग आला नाही, कारण त्याचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. आपण आपल्या हातांनी पायावर धोंडा पाडून घेतला आणि तोही पॉलिश करून, हे त्यांना स्वच्छ दिसलं. वर गेले तेव्हा कमलबाई दर्शनाबाईंना सांगत होत्या, की यंदा लिंबं जास्त आण, उन्हाळा जोरात आहे. पांढऱ्या लुगड्याला इस्त्री होऊन ते खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं होतं. खंदाऱ्यांना आईला काही सांगण्याचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ते वॉर्ड ऑफिसच्या दारात हजर झाले. तिथे सुगंधाबाई म्हणून एक क्लार्क होत्या. खंदाऱ्यांनी अर्ज पुढे केला, की आमची सोसायटी पुन्हा विक्रोळीत घ्यावी.

सुगंधाबाईंनी संगणकावर बघितलं. "पुन्हा म्हणजे? तुम्ही विक्रोळीतच आहात की. बाहेर गेलाच कधी?"

"तेच मला लेखी हवंय."

"काय लेखी? बदल झाला तर आम्ही दाखला देतो. बदल झालाच नाही, तर काय झालं नाही याचा दाखला कसा देणार?"

मग पत्ता बदलला असता तर दाखला मिळाला असता का, असं खंदाऱ्यांनी विचारलं. हो, पण पत्ता बदलता येत नाही, असं बाईंनी सांगितलं आणि त्या जेवायला गेल्या. विमा कंपनीत खंदाऱ्यांनी लोकांना तीस वर्षं हेच सांगितलं होतं, त्यामुळे वाद घालायला त्यांची जीभ उचलली नाही.

म्हणजे दोष कुठल्याच दप्तरात नव्हता. तो फक्त गेटच्या खांबावर होता. पाटी काढायची, एवढं ठरलं. पण पाटी सोसायटीच्या ठरावाने लागली होती, तेव्हा ठरावानेच निघणार. सभेत हर्षदभाई आडवे पडले. रविवारी किरणला बघायला घाटकोपरचे लोक येणार होते. रविवारपर्यंत पाटीला हात लावायचा नाही, मग खुशाल विक्रोळीच काय, मानखुर्द लिहा. केळकर म्हणाले, दोन्ही लिहा आणि मध्ये तिरपी रेघ द्या.

रविवारी पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगा पसंत पडला. निघताना मुलीचे आजोबा गेटपाशी थांबले, पाटी वाचून पोट धरून हसले आणि म्हणाले, "गालाशेठ, मी नाल्यापलीकडे जन्म काढला. हा नाला पोहून मी विक्रोळीला पेरू चोरायला येत होतो. तुम्ही मला पत्ता शिकवता?" हर्षदभाईंचा चेहरा उतरला, पण स्थळ टिकलं. उलट पेरूंची आठवण झाल्यामुळे आजोबा जास्तच खूश झाले. संध्याकाळी हर्षदभाई स्वतः खंदाऱ्यांच्या दारात आले आणि म्हणाले, काढून टाका तो दगड.

खंदाऱ्यांनी पाटीवाल्याला फोन लावला. आधी तर त्याचा विश्वासच बसेना. मग म्हणाला, फोडून काढावी लागेल, खांब पण येईल, जयंतीनंतर बघू. खंदाऱ्यांनी विनवलं, की जयंतीच्या आधीच काढायची आहे, निदान चौदाच्या सकाळी तरी या. तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी माझी सगळी पोरं लेझीम खेळतात. मी स्वतः ताशा वाजवतो."

शेवटी चौदा एप्रिल उजाडला. कमलबाई पहाटेपासून नेसून तयार. आता लपवण्यात अर्थ नव्हता. खंदारे आईच्या पायाशी बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. साडूंचा 'पण'सुद्धा सांगितला. साठी उलटलेल्या माणसाने आईला सांगायला लाजावं, असं ते सगळं होतं.

कमलबाईंनी लुगड्याचा पदर नीट केला. मग म्हणाल्या, "म्हंजे मी घाटकोपरले गेली, आन् गाडी इक्रोळीत राह्यली."

"हो आई. चुकलं माझं."

"मंग बसला काय? खुर्ची उचल. मले इक्रोळीत ने."

प्लॅस्टिकची खुर्ची, त्यात कमलबाई, मांडीवर हाराचं ताट. एका बाजूला खंदारे, दुसऱ्या बाजूला हर्षदभाई. केळकर पुढे चालत डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, असं सांगत होते. गल्ली सरळ होती. मागे दर्शनाबाई सरबताचं पातेलं घेऊन, आणि त्यांच्यामागे एकेका मजल्यावरून माणसं उतरत गेली, कोणी ग्लास घेतले, कोणी बर्फ. गल्लीतले लोक दारात येऊन बघत होते. सोसायटीचा सचिव घामाने निथळत, शर्टाची बटणं सुटलेली, आईला खांद्यापर्यंत उचलून चाललेला. इतक्या लोकांनी इतक्या वाईट अवस्थेत बघूनही खंदाऱ्यांना लाज वाटली नाही. किती महिन्यांत असं हलकं वाटलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी बंदोबस्ताचे साहेब उभे होते. लांबून ताशा ऐकू आला, निळे झेंडे दिसले. मिरवणूक आली, आणि निलेशने खुर्ची बघितली. त्याने हात वर केला. लेझीम थांबलं, गाडी थांबली. कमलबाईंना दोघांनी धरून उभं केलं. त्यांनी हार घातला, मेणबत्ती लावली, हात जोडले. सरबत फिरलं. साहेबांनीही दोन ग्लास घेतले.

आता मिरवणूक वळायची. निलेश साहेबांजवळ जाऊन हळूच काहीतरी बोलला. साहेबांनी मान हलवली. "नाही. मिरवणूक इथूनच वळणार. परवानगी इथपर्यंतच आहे." मग त्यांनी खुर्चीकडे बघितलं. खंदारे खुर्ची पुन्हा उचलायला वाकले होते, पण ती हलत नव्हती. हर्षदभाई रस्त्यावरच फतकल मारून बसले होते.

"पण म्हाताऱ्या माणसाला घरी सोडायला कसली परवानगी लागते?" साहेब म्हणाले. "सोडून या आजींना. किती माणसं लागतील?"

निलेशने मागे बघितलं. मिरवणुकीचं शेपूट अजून हमरस्त्यावर होतं. "सगळी लागतील, साहेब."

"घ्या मग. आणि त्या काय चालत जाणार आहेत? गाडीत बसवा."

कमलबाईंना उचलून गाडीवर बसवलं, तसबिरीच्या पायाशी, फुलांमध्ये. आयुष्यभर त्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या, गाडीत कधी बसल्या नव्हत्या. ताशा सुरू झाला. गाडी गल्लीत शिरली, तेव्हा साहेब पाठ फिरवून हमरस्त्यावरची वाहतूक बघत होते. खंदारे गाडीच्या मागे लेझीमवाल्यांत सापडले आणि कोणीतरी त्यांच्या हातात लेझीम दिलं. त्यांना ते येत नव्हतं. तरी ते खेळले आणि रडलेही, आणि घामामुळे दोन्ही कोणाच्या लक्षात आलं नाही.

गेटपाशी गाडी थांबली. कमलबाई उतरल्या आणि आपल्या नेहमीच्या जागी खुर्चीवर बसल्या. दुसरी मेणबत्ती मागून घेऊन त्यांनी तीही लावली. "आता बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता गुडघे कापा लागत असन् तं कापा."

पुढच्या आठवड्यात पाटी निघाली, येताना निम्मा खांब घेऊन आली. नवीन पाटी पत्र्याची आहे. तिच्यावर 'विक्रोळी (पूर्व)' आहे आणि ती थोडी वाकडी आहे. कचऱ्याची गाडी येते. तो ग्रॅनाइट मथुरेने मागून घेतला आणि गेटबाहेर दोन विटांवर पालथा मांडला. त्यावर ती आता मच्छी कापते. दगड थंड राहतो, बोंबील चांगला बसतो म्हणते. हर्षदभाईंनी एकच अट घातली, ती म्हणजे कापताना मथुरेचं तोंड नाल्याच्या बाजूला हवं.

किरणचं लग्न घाटकोपरच्या हॉलमध्ये झालं आणि पहिला मान खरंच खंदाऱ्यांना मिळाला. जेवताना शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी विचारलं, "आपण कुठे राहता?"

"विक्रोळी," खंदारे म्हणाले.

"अच्छा," गृहस्थ म्हणाले.

खंदाऱ्यांनी जरा वाट बघितली. कुठे काही दुखलं नाही. त्यांनी बासुंदीची वाटी जवळ ओढली. "इथून चालत या कधी. नाल्याच्या अलीकडे."

"नाला? तो आता दिसत नाही ना?"

"खाली आहे," खंदारे म्हणाले आणि बासुंदी प्यायले.